मुकं चाक

भाऊल्याला मुलगी बघायला कुर्डुवाडीला जायचं होतं आणि नेमकं मोटरसायकलचं मागचं चाक गिरणीसारखं घरघरायला लागलं. मग काय, पांढराशुभ्र शर्ट घालून गडी सकाळीच दस्तगीरच्या गॅरेजात हजर! टेंभुर्णीच्या बायपासला हे गॅरेज. आधी अब्बा चालवायचे, आता दस्तगीर.

"लका, बसू नको कुठं. ग्रीस लागलं तर सासरा पळून जाईल."

"सासरा पळू दे, पोरगी थांबली म्हणजे झालं. तू आवर!"

दोघं शाळेपासूनचे दोस्त. भेटले की टोमणे, रस्त्यात दिसले की शर्यत.

गाडी भाऊल्याच्या वडिलांची, जुनाट, पेट्रोलवाली. तरी तिच्या मागच्या चाकात बोलकी बेअरिंग होतीच. सगळ्यांनाच सक्ती होती ना! हायवेवरचे ट्रक आता बिनड्रायव्हरचे पळायचे. धुळीनं त्यांचे कॅमेरे सारखे आंधळे व्हायचे, म्हणून कंपन्यांनी ते काढूनच टाकले. राहिले नुसते कान. चाक फिरलं की बोलकी बेअरिंग त्यावरच वीज करायची आणि साद घालायची, माणसाला ऐकू न येणारी. ट्रक ती ऐकायचा आणि गाडीभोवती ऐसपैस जागा सोडून जायचा. जिची साद नाही, ती गाडी ट्रकच्या लेखी रस्त्यावर नाहीच.

दस्तगीरनं चाक काढलं, सळई लावून झिजलेली बेअरिंग ठोकून बाहेर पाडली, चाकातली तिची बसायची जागा पुसून घेतली. भाऊल्या नव्या बेअरिंगचं पाकीट वाचत होता.

"मशीननं दाबून बसवा म्हणतंय रं. ठोकू नका म्हणं."

"मशीन सोलापुरात. जाऊन येतो की! तोवर तुझी पोरगी दुसऱ्याच्या घरी नांदायला गेलेली असंल."

भाऊल्या हसला. दस्तगीरनं नवी बेअरिंग जागेवर ठेवली, तिच्यावर जुनी उपडी धरली आणि हातोडा घातला. अब्बांची रीतच ती. जुनी मध्ये धरली की घाव बाहेरच्या कडीवरच पडतो, आतल्या गोळ्या शाबूत राहतात. ठण्, ठण्, ठण्... मग आवाज बदलून ठक्क! बसली. बोट घालून फिरवली, तर लोण्यासारखी.

"हाताला कळलं की झालं," दस्तगीर म्हणाला. हेही अब्बांचंच.

भाऊल्या भुर्रकन गेला. गॅरेजच्या खांबाला एक डबी होती, बोलकं चाक समोरून गेलं की टुंग करणारी. ती वाजली नाही. लाईट गेली असेल, असं म्हणत दस्तगीर हात पुसायला लागला.

तेवढ्यात एक ट्रक गेला.

टुंग.

लाईट होती. डबी चालू होती. दस्तगीरनं जुनी बेअरिंग उचलून उन्हात धरली. साद घालणारा मणी बाहेरच्या कडीतच बसवलेला होता. नवीवरचे सगळे घाव नेमके तिथंच पडले होते.

फोन लावला. नुसती रिंग. भाऊल्या गाडीवर फोन कधी घ्यायचाच नाही.

स्कूटर काढून दस्तगीर सुसाट सुटला. दोन्ही बाजूंचे ट्रक त्याच्या चाकाची साद ऐकून लांब सरकत होते, अगदी अदबीनं. त्याला एकच दिसत होतं. भाऊल्याच्या शेजारी जाऊन चिकटायचं. आपल्याभोवतीच्या मोकळ्या जागेत तोही मावेल. बस्स, शेजारी पोचलं पाहिजे.

कॅनॉलच्या पुलाजवळ पांढरा शर्ट दिसला. त्याच लेनमधून मागनं एक ट्रक येत होता, वेग जराही कमी न करता. दस्तगीर हॉर्नवर हॉर्न मारत, हात हलवत ओरडला, "भाऊल्या! कडेला घे! कडेला!"

भाऊल्यानं आरशात पाहिलं. ट्रक दिसला, पण ट्रक काय, नेहमीच बाजूनं जायचे. त्याला दोस्त दिसला, स्कूटर दिसली, हललेला हात दिसला. तो खदखदून हसला, टाकीवर वाकला आणि त्यानं ॲक्सिलेटर पिळला. शर्यत!

मागचं चाक जरासुद्धा घरघरलं नाही. इतकं झकास बसलं होतं.

दस्तगीरनं स्कूटरचा कान शेवटपर्यंत पिळून धरला. भाऊल्यापाशी आधी कोण पोचणार होतं, तो की ट्रक?