तिसऱ्या मजल्यावरचा प्रिंटर

पहिल्यांदा मला त्याचे फक्त पाय दिसले. टेबलाखालून बाहेर आलेले, एका पायातला मोजा उलटा. मी किंचाळले, आणि खाली डोकं आपटल्याचा आवाज आला.

"वायर शोधतोय," टेबल बोललं, "चोरी नाही करत!"

चोरीचं नाव मी काढलंच नव्हतं. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

तो आमच्या ऑफिसचं नेटवर्क सांभाळायचा. सगळे त्याला वायरवाला म्हणायचे. मी नवी, नोकरी अजून कच्ची. साहेबांनी महिन्याभरात दोन नकाशे मागितले होते. कोणती वायर कुठून कुठे जाते, हा एक. आणि त्या वायरींतून कोणतं मशीन कोणत्या मशीनशी बोलतं, हा दुसरा. दोन्ही जुळले तर नोकरी पक्की, नाहीतर घरी. आणि हे महाशय आठ वर्षांचं नेटवर्क डोक्यात घेऊन फिरत होते! कुठे एक चिठ्ठी म्हणून नाही.

"लिहून का नाही ठेवत?"

"मग विचारायला कोण येणार... तेवढीच सोबत."

आणि असा हसायचा, की माझा संशय दुप्पट व्हायचा.

"गोड बोलतो? म्हणजे नक्की काहीतरी लपवतोय," घरी ताई म्हणाली. ताईला दूधवाल्याचाही संशय येतो, पण या वेळी मला पटलं.

मी रोज त्याच्या मागे चिकटपट्ट्या घेऊन फिरले. तो वायर धरायचा, मी तिला क्रमांक चिकटवायचे. कधी बोटाला बोट लागायचं... मग मी घाईघाईने हात मागे घ्यायचे आणि वहीत चुकीचा आकडा लिहायचे. संशय घेणाऱ्या बाईला हे शोभत नाही, कळत होतं मला.

नकाशे द्यायच्या आदल्या दिवशी खरी गोम सापडली. माझ्या शेजारचा प्रिंटर बिघडलाय असं सांगून त्याने मला महिनाभर त्याच्या खोलीत, तिसऱ्या मजल्यावर प्रिंट आणायला लावलं होतं. वायरींच्या नकाशात माझा प्रिंटर ठणठणीत होता, जोडलेला होता. बोलण्याच्या नकाशात मात्र माझा कॉम्प्युटर त्या प्रिंटरशी बोलतच नव्हता! माझा प्रत्येक कागद मुद्दाम वर वळवलेला होता.

म्हणजे हा माझे कागद वाचतो! मी तरातरा जिने चढले.

"महिनाभर हेरगिरी?"

तो उठून उभा राहिला. कान लाल. "एकही वाचला नाही. उलटे करून ठेवायचो... प्रिंट इकडे पडली की तुम्ही वर येता, एवढंच."

"तीन जिने चढून!"

"लिफ्ट आहे की."

"ती बंद असते!"

"ती मी बंद केलेली नाही, शपथ."

आलेलं हसू मी गिळलं आणि नकाशाचं पान त्याच्यापुढे आपटलं. "प्रत्येक जोडणीपुढे कारण लिहावं लागतं. उद्या हे साहेब वाचणार. काय लिहू? तांत्रिक अडचण?"

त्याने माझ्या हातातलं पेन घेतलं आणि सावकाश लिहिलं — 'त्या आवडतात म्हणून.'

"वेड लागलंय का? नोकरी जाईल!"

"माझी जाईल. खोटं लिहिलंत आणि साहेबांनी तपासलं, तर तुमची जाईल."

इतकं खरं माझ्यासाठी आजवर कोणी लिहिलं नव्हतं.

मी त्याच्याच खुर्चीत बसले आणि त्याच्याच मशीनवरून माझा कॉम्प्युटर माझ्या प्रिंटरला जोडून टाकला. दोन्ही नकाशे जुळले. ते पान आता चुकीचं झालं होतं, आणि चुकीचं पान फायलीत ठेवता येत नाही. मी ते घडी घालून पर्समध्ये ठेवलं.

"म्हणजे... आता तुम्ही वर येणार नाही," तो म्हणाला.

"येणार."

"कारण?"

आता संशय त्याच्या डोळ्यांत होता. मला तो फार आवडला.

"तू," मी म्हणाले.