पाठीवरची निरगाठ

शनिवारी सकाळी बोग्ना पाव आणायला गेली, सुरुवात झाली ती इथून. ओल्शिनीच्या पडक्या किल्ल्याखालच्या कुरणावर दर उन्हाळ्यात दोन दिवस जुन्या काळच्या लढायांचे खेळ भरतात. तिथं पावाची भट्टी एकच, आणि ती कालिनाची. बोग्ना पोचली तेव्हा भट्टी पेटलेली होती, पाव फळीवर निवत होते, पण कालिनाचा पत्ता नव्हता. वाट पाहून पाहून पाय दुखले. शेवटी वैतागून तिनं एक पाव उचलला आणि तंबूकडे परतली.

आता ही माणसं कोण म्हणाल, तर चारचौघांसारखीच. एरवी बोग्ना शहरात दाताच्या डॉक्टरकडे मदतनीस, आणि नवरा त्सेझारी बसचा ड्रायव्हर. पण या दोन दिवसांत तो लोखंडी पट्ट्यांचं चिलखत अंगावर चढवायचा आणि बोथट तलवारीचे खरेखुरे रट्टे द्यायचा, खायचा. हौस म्हणतात ती हीच, दुसरं काय!

त्या चिलखताची एक गोम आहे. ते पाठीवर चामड्याच्या वादीनं आवळायचं असतं आणि घालणाऱ्याचा हात काही तिथं पोचत नाही. कुणीतरी बांधून द्यावंच लागतं. लग्न झाल्यापासून हे काम बोग्नाचं. त्सेझारी तंबूच्या मधल्या खांबाला मिठी मारून उभा राहायचा. ती मागून वादी ओढायची आणि वर सुरगाठ मारायची. सुरगाठच, कारण मैदानात माणूस गुदमरला तर एका हिसक्यात चिलखत सुटलं पाहिजे. तिथला नेमच आहे तो. लग्नाआधी मात्र हे काम कालिना करायची. का करायची, ते बोग्नाला कुणी सांगायला नको होतं.

तर पाव घेऊन ती परतली, तेव्हा त्सेझारी चिलखत बांधून तयार होता.

"कुणी बांधलं?" तिनं विचारलं.

"म्हणजे काय? तूच ना आत्ता," तो म्हणाला. "हात कसले गार होते तुझे."

बोग्नाच्या डोक्यात पहिल्यांदा आली ती ओस पडलेली भट्टी. ती तडातड पाव कापायला लागली. पण लढाई संपवून तो आला तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते, धड बोलता येत नव्हतं. तिनं घाईघाईनं पाठीवर हात घातला, तर तिथं सुरगाठ नव्हतीच. घट्ट, बारीक, टोकं आत खुपसलेली निरगाठ होती. सोडायला जागाच ठेवलेली नव्हती. पावाच्या सुरीनं वादी कापावी लागली. दुपारी त्यानं चिलखतात नवी वादी ओवली.

मग काय, संध्याकाळी तंबूत जुंपली. त्सेझारी आपला एकच हेका धरून बसला होता, तूच बांधलंस, तूच बांधलंस. बोग्नाचा संताप अनावर झाला. डोळ्यांत धूळ फेकायची तर निदान जरा बरी फेकावी माणसानं! कालिनाच्या गाठी मिरवायच्या असतील तर तिच्याकडेच झोपायला जा, असं म्हणून तिनं त्याचं कांबळं बाहेर भिरकावलं. तोही हट्टी. कांबळं उचललं आणि गेला. बोग्ना मग एकटीच कोबी-मटणाचा बिगोस ओरपत बसली आणि रडली.

रविवारी पहाटे ती अर्धवट झोपेत उठली. तंबूत कोबीचा शिळा वास कोंडला होता आणि त्याखाली आणखी कसला तरी, ओल्या चुन्यासारखा. तिनं हिरवा झगा अंगात चढवला. हा झगाही पाठीवर वादीनं आवळायचा. त्या काळी असे नव्हतेच म्हणून छावणीतले पंडित नाकं मुरडायचे, पण तिला तो आवडायचा. ती मागे हात नेऊन चाचपडत होती, तेवढ्यात गार बोटांनी तिच्या हातातून वादी अलगद काढून घेतली.

आलाय वाटतं माफी मागायला, तिच्या मनात आलं. तिनं वळून पाहिलं नाही. वळली असती तर हसू फुटलं असतं, आणि इतक्यात माफ करायचं नव्हतं तिला. त्याच्यासारखीच खांबाला धरून ती उभी राहिली.

"एवढ्यानं मी विरघळणार नाही हं," ती म्हणाली.

एकेक वेढा सावकाश ओढला गेला. मग तंबूचं दार हललं आणि परत स्थिर झालं. बोग्ना मात्र मनातून पार विरघळली होती. छातीवर थोडं दडपण वाटत होतं, ते तिनं रात्रीच्या बिगोसवर ढकललं.

आता त्याचं चिलखत आपणच बांधायचं, असं ठरवून ती आधी पाणी आणायला गेली. नळावर ही रांग. घागर घेऊन परतताना वाटेत कालिना भेटली. तिचा उजवा हात कोपरापर्यंत पट्टीत होता.

"हाताला काय झालं?"

"काल सकाळी भट्टीवर भाजला. माझी वरात निघाली ॲम्ब्युलन्समध्ये आणि इकडे एक पाव चोरीला गेला," कालिना हसत म्हणाली. "गाठ मारणं सोड, चमचा धरवत नाही बघ."

म्हणजे काल ही नव्हती. मग...

"पण तू इकडून कशी आलीस?" कालिनानं तिला खालीवर न्याहाळलं. "आत्ताच तर तुला तंबूत पाहिलं, त्याची पाठ बांधताना. याच हिरव्या झग्यात. मी हाक मारली, तर वळलीसुद्धा नाहीस..."

घागर तिथंच पडली. बोग्ना धावत सुटली. धावता धावता धाप लागली, इतकी की डोळ्यांपुढे काजवे चमकले. शेवटची लढत सुरू झाली होती. लोखंडावर लोखंड आदळत होतं, लोक आरडाओरडा करत होते, आणि त्या गदारोळात त्सेझारी कुणाचाही घाव न लागता गुडघ्यावर आला, मग आडवा झाला. लोक टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटलं, खेळ रंगलाय.

बोग्नानं कुंपण ओलांडलं, पंचाच्या कमरेची सुरी ओढून घेतली आणि त्सेझारीला पालथा केला. पाठीवर तीच बारीक निरगाठ होती. तिनं सुरी घातली. वादी तटकन तुटली आणि त्सेझारीच्या छातीतून मोठा, रडका श्वास बाहेर पडला. तिचा जीव भांड्यात पडला.

दोघं मग मैदानाच्या कडेला गवतावर बसली. त्याच्या ओठांना हळूहळू रंग येत होता. सुरी पंचानं परत नेली होती.

"मला वाटलं, तू माफ केलंस," तो म्हणाला. "चिलखत न्यायला आलो, तर तू मागून येऊन मुकाट्यानं बांधायला लागलीस. म्हटलं, आता बोलून बिघडवायला नको."

"ती मी नव्हते, त्सेझारी." तिला रडू आलं. "आणि मी तुझ्यावर काय काय आळ घेतले... तरी तू पहाटे आलास, माझा झगा बांधून दिलास..."

त्सेझारी तिच्याकडे वळला.

"पहाटे?" तो हळूच म्हणाला. "मी पहाटे घोडेवाल्यांच्या गाडीत झोपलो होतो. मी नाही आलो, बोग्ना..."

तिनं हात पाठीकडे न्यायचा प्रयत्न केला. हात पोचला नाही. सकाळपासून पुरेसा आत न गेलेला श्वास आता गळ्याशीच अडत होता.

"बघ जरा," ती म्हणाली. "कसली गाठ आहे, बघ ना..."

त्यानं उठून तिच्या पाठीमागे जायला हवं होतं. पण तो उठेना. तिचे दोन्ही हात त्यानं आपल्या दोन्ही हातांत गच्च धरले होते, आणि तिच्या खांद्यावरून तो मागे बघत होता.

मग बोग्नाच्या पाठीवर वादीचा एक वेढा सावकाश ओढला गेला.