आकाशपाळण्याच्या पोटात

ओतीव लोखंड चांगलं असेल तर ठोकल्यावर घंटेसारखं वाजतं.

वॉटर पार्कच्या पत्रकावर निळं पाणी. निळ्या पाण्यात निळा हत्ती.

मे महिन्यात दुपारी तीन वाजता कोल्हापूरच्या बसस्टँडसमोर रसाच्या चरकाचे घुंगरूसुद्धा पेंगतात.

सहलीचं बुकिंग करणाऱ्या साक्षीनं तीन वर्षांत एकाही गिऱ्हाइकाला "तिकडं जाऊ नका" म्हटलं नव्हतं.

"हे पाणी खाली पडल्यावर परत वर कोण नेतं?"

हा प्रश्न सात वर्षांच्या मुलीचा. साक्षीच्या सहल-बुकिंगच्या दुकानात ती उन्हातनं शिरली आणि भिंतीवरच्या वॉटर पार्कच्या पत्रकावर बोट ठेवून उभी राहिली. मागोमाग एक उंच माणूस आला. त्यानं टेबलाचा लोखंडी पाय बोटांच्या पेरांनी ठोकला, कान देऊन ऐकला.

"ह्याला चीर हाय."

"टेबल विकायला न्हाय ठेवलं, पावणं," साक्षी म्हणाली.

तो ओशाळला. "सवय हो... शिरोलीला फाउंड्रीत हाय मी. दिवसभर ओतलेला माल ठोकून बघायचा, पक्का का फुटका."

"माणसंबी ठोकून बघता?"

"अजून तरी... न्हाय."

त्याचं नाव प्रसेनजीत. मुलगी त्याची भाची, प्रियदर्शनी, सोलापूरहून सुट्टीला आलेली. गेल्या वर्षी त्यानं तिला वॉटर पार्कला नेलं, तर ही दिवसभर पंपाच्या खोलीच्या बंद दाराशी. शेवटी रखवालदारानं हाकललं. पार्कमधनं कोरडी परतलेली ती एकटीच – डोळे सोडून.

"आवंदा तसं नको," तो म्हणाला. "हिच्या जोगं पार्क बघून द्या. सोमवारी सुट्टी असती मला. शाळेच्या आधी एक सोमवार गाठायचा."

"सापडंल की," साक्षी म्हणाली. "पुढच्या सोमवारी या."

पुढच्या सोमवारी साक्षीनंच डायनासोरचं पार्क बाद केलं. (नुसतं रबर, आत हवा.) त्याच्या पुढच्या सोमवारी बर्फाचं. (गारवा करणारं मशीन कुलपात.) दरवेळी तिघं समोरून रस मागवायचे, प्रियदर्शनी कोपऱ्यातल्या छोट्या लाल खुर्चीत बसून. प्रसेनजीतच्या मनगटावर भाजल्याचा डाग होता, चिंचोक्याएवढा. ग्लास देताना साक्षी त्याच्याकडे बघायची नाही. म्हणजे... बघायची, पण डागाकडेच.

"केस विंचरून आलाय आज," एकदा ती म्हणाली.

"बुकिंगला यायचं म्हंजे..."

"गेल्या वेळीबी बुकिंगलाच आलता की!"

प्रियदर्शनी वर न बघता म्हणाली, "मामा आज दोनदा विंचरलाय."

आता साक्षीची लबाडी. पार्क तिला दुसऱ्या सोमवारी सकाळीच सापडलं होतं. पुणे रोडवरचं, छोटं. तिथला फिटर बाळासो फोनवर म्हणाला होता, "दहाला गेट उघडायच्या आत मी आकाशपाळणा तपासतो, ताई. आणा पोरीला. त्याच्या पोटातलं सगळं दाखवतो." साक्षीनं नंबर चिठ्ठीवर लिहून घेतला, घडी घातली आणि ड्रॉवरमध्ये सारला. पार्क मिळालं की माणसं जातात. गेलेलं गिऱ्हाईक बुकिंगच्या दुकानात उगीच कशाला येईल?

चौथा सोमवार. प्रियदर्शनी आली ती गप्प. कुठल्याच पत्रकाला हात नाही. मामाचा शर्ट ओढून हळूच म्हणाली, "राहू दे मामा. मी जास्त विचारते, म्हणून मिळत नाही ना पार्क?"

 साक्षीनं ड्रॉवर उघडला आणि चिठ्ठी टेबलावर ठेवली. सगळं सांगितलं.

"दोन आठवडे?" प्रसेनजीतचा आवाज चढला. "दोन आठवडे ड्रॉवरात? का?"

"ह्ये दिलं असतं तर... तुम्ही परत कशाला आला असता?"

 त्यानं भाचीकडे हात केला. "माफी मागायची ती हिची मागा."

साक्षी जमिनीवरच बसली, तिच्या उंचीला. "चूक तुझी न्हाय गं. प्रश्न तुझे चांगलेच हायत. मीच लबाड."

प्रियदर्शनीनं विचार केला. "पाळण्याच्या चाकांचे दाते दाखवतील?"

"एकूण एक."

"मग तूपण ये. तिथं नाही दाखवले तर भांडायला कोणतरी पाहिजे."

प्रसेनजीतला हसू आवरेना. चिठ्ठी खिशात घालून तो दारापर्यंत गेला... आणि थांबला.

"सोमवारी सकाळी साडेसातला स्टँडवर ये." चार सोमवारांत पहिल्यांदाच तो 'तू'वर आला होता. "आणि त्याच्या पुढच्या सोमवारी मला इथं यायला पार्कच लागतंय, असं कोण म्हणालं तुला?"

साक्षीनं समोर हाक मारून तीन रस सांगितले. 

दुकानातली लहान मुलांची लाल खुर्ची तिनं पहिल्याच सोमवारी संध्याकाळी विकत आणली होती.