तोंडापुढचा बर्फ

उपेंद्र दुबईत लोकांना बर्फ शिकवायचा. ऐकून लोक हसायचे. मनालीत हिमस्खलनाचे बचावकार्य करून हाडं झिजवलेला हा माणूस आता मॉलला चिकटलेल्या थंडगार शेडमध्ये, यंत्राने पाडलेल्या बर्फाच्या उतारावर स्की शिकवत होता.

बाहेर २००९चा जानेवारी. मरीनातल्या क्रेन मंदीने जागच्या जागी थिजलेल्या. त्याचा मेव्हणा सुजीत, नोकरी खलास, व्हिसा रद्द. गडी पुण्याला जाण्याआधी निघाला होता गुलमर्गला. तेही रिसॉर्टचा राखलेला उतार सोडून, वरच्या मोकळ्या डोंगरात.

"तिथल्या पोरांशी बोललोय मी," उपेंद्रने पुन्हा सांगितलं. "खालचा थर साखरेसारखा भुसभुशीत, वर नवा जड बर्फ. तू पाय ठेवलास की अख्खा उतार सुटेल."

"भावोजी, कंपनीने गाडलंच आहे. अजून कोण काय गाडणार? आणि अंगावर सिग्नल देणारं बीकन असणार ना."

"ते वाचवत नाही रे. मढं कुठे आहे ते सांगतं."

सुजीत हसला. उपेंद्रचं डोकं सणकलं. शिकलासवरलेला माणूस, आणि यंत्राला ताईत समजतो! निदान शोधायला तरी शीक, म्हणत त्याने शेड उघडायच्या आधी त्याला उतारावर नेलं. एक बीकन पुरायचं, दुसऱ्याने त्याचा सिग्नल हुडकायचा.

पुरायचं बीकन अजून उपेंद्रच्या खिशात होतं. बंद.

तरी सुजीतच्या हातातलं टिकटिकायला लागलं.

"घ्या, तुमचा चायना माल."

उपेंद्रने दुसरं यंत्र आणलं. तेही टिकटिकलं. उताराच्या मध्यावर, एकाच जागी. चिडून त्याने फावडं घातलं. खाली फक्त काँक्रीट आहे, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. बर्फ कोरडा होता, रव्यासारखा सरकत होता. काँक्रीट लागायच्या आधीच फावडं पोकळीत गेलं.

आत काचेसारखा गुळगुळीत पापुद्रा होता.

डोंगरात गाडल्या गेलेल्या माणसांच्या तोंडापुढे उपेंद्रने तसा पापुद्रा पाहिला होता. श्वासाने बर्फ वितळतो, पुन्हा गोठतो. श्वास थांबेपर्यंत.

पापुद्र्यात ओठ उमटले होते. हनुवटी. एका बाजूला वाकलेलं नाक.

शाळेत क्रिकेटचा बॉल लागून वाकलेलं आपलं नाक सुजीतने हातमोज्याने चाचपलं. त्याचं हसू गेलं होतं.

"नाही जात मी."

"नक्की?"

"ताईला फोन लावा. तिलाच सांगतो."

मुग्धाशी, उपेंद्रच्या बायकोशी, तो बोलला. तिकीट रद्द करतो म्हणाला. फोनवर ती रडली. उपेंद्रला मोकळा श्वास घेता आला.

यंत्र गप्प झालं होतं.

बाहेर पार्किंगमध्ये ऊन चांगलंच तापलं होतं. उपेंद्रने जॅकेट काढून खांद्यावर टाकलं. सुजीतने आपल्या जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली.

"यल्ला, चला भावोजी. चहा पाजा," तो म्हणाला.

बोलताना त्याच्या तोंडातून पांढरी वाफ निघत होती.