आठ खाटांपुढचा रियाज

धाकटी चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. केसाएवढा फरक तिच्या बोटांना कळायचा. संध्याकाळी घरी व्हायोलिन धरलं की आई हातातलं काम टाकून ऐकत बसायची. पण समोर चार परकी माणसं बसवा, की बाईसाहेबांची पाचावर धारण बसलीच. दोनदा ती भरल्या सभागृहातून धून अर्धवट टाकून उठून आली होती. मास्तर भला माणूस, पण शेवटी त्यांनीही सांगून टाकलं, की येत्या कार्यक्रमात तिसऱ्यांदा उठलीस तर पुन्हा तुझं नाव घेणार नाही. धाकटी खूप रडली. रडेल नाहीतर काय करेल? पंधरा वर्षं तिने जीव लावावा असं दुसरं काही केलंच नव्हतं.

तोडगा काढला ताईने, म्हणजे थोरल्या बहिणीने. ती इस्पितळात नर्स. तिच्या वॉर्डात आठ खाटा, आणि आठही माणसं महिनोन्महिने बेशुद्ध. दुपारच्या सुट्टीत ये आणि यांच्यासमोर वाजव, म्हणाली. माणसं तर आहेत, पण नावं ठेवणारं कोणी नाही. हळूहळू भीड चेपेल. डॉक्टरांचीही ना नव्हती.

दुपारी तो वॉर्ड फार शांत असायचा. हिरवे पडदे ओढलेले, फिनेलचा वास, आणि खाटेखाटेशी यंत्राची बारीक टिकटिक. पहिल्या दिवशी धाकटी तिसऱ्या ओळीतच अडखळली. रोज थोडी पुढे जायला लागली. नवव्या दिवशी धून पहिल्यापासून शेवटपर्यंत एकही चूक न होता वाजली आणि तिला स्वतःशीच हसू फुटलं. गज उचलला, तेव्हा सहा नंबरच्या म्हाताऱ्या पोस्टमनचं यंत्र एकाच सुरात लांबलचक वाजत होतं.

दुसऱ्या दिवशी ती चुकली. वॉर्डात कोणाला काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी धून पुन्हा बिनचूक झाली, आणि दोन नंबर गेला. मग धाकटी घाबरली. चार दिवस ती मुद्दाम एक सूर चुकवत राहिली आणि चारही दिवस सगळे जागच्या जागी राहिले. तिने हे ताईच्या कानावर घातलं, तर ताई वैतागलीच. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली म्हणे. हे लोक आज ना उद्या जाणारच होते, मरण काय ते मला शिकवू नकोस, असंही वर ऐकवलं.

पण मोजणारी धाकटी एकटीच नव्हती. तीन नंबरच्या खाटेवर एक गवंडी होता, परांचीवरून पडलेला, अकरा महिने तसाच. त्याची बायको दिवसभर स्टुलावर बसून त्याचे तळपाय चोळायची. पाचव्या दिवशी धाकटीने व्हायोलिन खांद्याला लावलं, तशी ती उठून जवळ आली.

"बाई... आज चुकू नका."

धाकटीने व्हायोलिन खांद्यावरून खाली घेतलं. "कोण जाईल ते माझ्या हातात नाही हो..."

"ठाऊक आहे. यांची पाळी आली तर सुटतील बिचारे. एकदा नीट वाजवा."

तिच्या डोळ्यांकडे बघून नाही म्हणवेना. धाकटीने वाजवलं, आणि खरं सांगायचं तर इतकं सुंदर ती आजवर कधी वाजवू शकली नव्हती. शेवटचा सूर विरला. सगळी यंत्रं टिकटिकत होती. गवंडी तसाच होता. त्याची बायको मात्र स्टुलावरून कलंडून भिंतीला टेकली होती, आणि तिचे हात अजून त्याच्या पायांवर होते. अकरा महिन्यांची उपासमार, हृदय थकलं असणार, ताई म्हणाली. या वेळी मात्र ती धाकटीकडे बघत नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, एवढं झाल्यावर तिने व्हायोलिन माळ्यावर टाकायला हवं होतं. बरोबर आहे. पण पंधरा वर्षांची आस अशी माळ्यावर टाकता येत नाही. तिने स्वतःला बजावलं, की कार्यक्रमात एक सूर चुकवायचा, संपलं. तरी घरी मात्र तिकिटं संपली अशी थाप मारली. म्हणजे काय ते समजा.

सभागृह गच्च भरलं होतं. समोर अंधार. भीती कुठल्या कुठे पळाली होती, छातीत धडधडसुद्धा नव्हती. धून पुढे सरकत गेली आणि चुकायची जागा आली. तीनशे माणसं, धाकटीच्या मनात आलं. तीनशेत एक. कुठलं कोण, आपल्या ओळखीचंही नसेल. माणसाचं मन असं असतं बघा. ती चुकली नाही.

टाळ्यांनी छत दणाणलं. कडेला मास्तर डोळे पुसत होते. दिवे लागले, आणि लोक उभे राहू लागले. सातव्या रांगेत दोघीच बसलेल्या राहिल्या. दारावर तिकिटं काढून, गुपचूप आलेल्या. आईची मान ताईच्या खांद्यावर पडली होती. ताईने तिचं मनगट धरलं होतं आणि ती घड्याळाकडे बघत होती. बघतच होती.

धाकटीला किंचाळायचं होतं. मंचावरून उडी मारायची होती. तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "वन्स मोअर!" मग सगळं सभागृहच ओरडू लागलं. आणि तिने काही ठरवायच्या आत गज तारेवर टेकला होता, पहिला सूर निघाला होता, आणि तोही अगदी नितळ.