नाझिफे आत्याची बंद खोली

तुम्ही खुशाल हसा. पण यातला एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही... पेरिहान माझी सख्खी मावसबहीण. तिच्यासमोर बसून ऐकलंय.

नोव्हेंबरमधला गुरुवार. आमच्या तुर्कस्तानातलं साफ्रानबोलू गाव. दिवेलागणीची वेळ.

ज्या हवेलीत पेरिहानची नाझिफे आत्या एकटी राहायची, तिचं आता हॉटेल झालंय. पेरिहान तिथे एका रात्रीपुरती उतरली होती. आत्याला जाऊन दहा वर्षं झाली, तरी हिच्या जिवाला स्वस्थता नव्हती. त्या घरात जाऊन एकदा तिची माफी मागायची, एवढ्यासाठीच ती आली होती.

दारात बूट काढून फडताळात ठेवले, सपाता घातल्या. चहाचा पेला हातात घेतला.

आणि वरून आवाज आला...

थप. थप. थप.

अनवाणी पावलं.

"वर कोण उतरलंय?" तिने हॉटेलवाल्या तुर्गुतला विचारलं.

"कुणी नाही हो ताई. आज तुम्ही एकट्याच. जुनं लाकूड, थंडीत कुरकुरतं."

कुरकुरतं, कबूल. पण चालतं का?

पावलं आत्याच्या खोलीतून निघाली. जिन्यापाशी आली. थांबली... आणि परत फिरली.

पेरिहानला घाम फुटला. बाहेर पडावं म्हणून ती दाराकडे धावली, तर फडताळात तिचे बूट नव्हते...

दार उघडलं. बूट बाहेर पायरीवर होते. टोकं रस्त्याकडे.

आमच्याकडे गेलेल्या माणसाचे जोडे असे बाहेर ठेवतात, कुणा गरजूने न्यावेत म्हणून.

"अगं बाई! कोण गेलं?" समोरच्या हुरियेकाकू लगबगीने आल्या आणि तिला बघून चपापल्या. "पेरिहान? मग हे जोडे कुणाचे?"

"माझेच."

"जित्या माणसाचे जोडे बाहेर ठेवतात होय गं? अक्कल गहाण टाकलीस की काय!"

पेरिहानला रडूच कोसळलं.

"काकू, हे मी नाही ठेवले. आत्याचे मात्र मीच ठेवले होते... बारा वर्षांपूर्वी, घर रिकामं करताना. नजरचुकीने. तुम्ही सगळे सांत्वनाला आलात. तिला अंकाराच्या वृद्धाश्रमात टाकलंय, हे सांगायची मला लाज वाटली. मी नुसती मान खाली घातली."

"म्हणजे?"

"ती जिवंत होती, काकू. पुढे दोन वर्षं."

काकू मटकन पायरीवर बसल्या.

"दोन वर्षं? अगं, तिच्या नावाचा हलवा वाटला आम्ही! नाहीतर एकीने तरी फोन केला नसता का?"

"ती रोज विचारायची, गल्लीतून कुणाचा फोन आला का म्हणून. मी सांगायचे, सगळे विसरले तुला."

काकूंनी डोक्यावरचा रुमाल तोंडाशी धरला.

"माझ्याकडे नको बघूस," त्या शेवटी म्हणाल्या. "माग तिच्याकडेच माफी."

पेरिहान आत गेली. जिन्याखाली उभी राहिली. वर पावलांची येरझार चालूच होती.

"आत्या, चुकले गं मी. मला माफ कर. एकदा हो म्हण."

पावलं थांबली...

मग वरचं दार हळूच लागलं. आणि आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

तुर्गुत पांढराफटक पडला.

"ताई... त्या दाराला कडीच नाहीये. वरच्या सगळ्या कड्या आम्ही कधीच काढून टाकल्यात."

पेरिहान त्याच पावली अंकाराला परतली. आता दर गुरुवारी आत्याच्या नावाने हलवा करते, शेजारीपाजारी वाटते. स्वतः मात्र चमचाभरही घेत नाही.

"तिने दार उघडलं की खाईन," म्हणते.