कड्याचा पॉइंटवाला

नारळ हातात घेऊन एखादी मुलगी दुकानात शिरली, की माणसानं काय समजावं? धर्मराजनं समजायचं तेच समजलं. आज आपला सत्कार आहे.

कडा गावच्या एसटी स्टँडसमोर त्याचं एका खोलीचं तिकीट बुकिंगचं ऑफिस होतं. मार्च नुकताच लागला होता, तरी पत्रा असा तापायचा की पंखासुद्धा गरम वारा फेकायचा. ती दारात थांबली, तोंडाला बांधलेली ओढणी सोडली, कपाळावरचा घाम टिपला. सावळा, रेखीव चेहरा, आणि डोळे असे की धर्मराजचा चष्मा आपोआप हातात आला. तो उगीचच पुसायला लागला.

"ओ भाऊ, पॉइंटवाले तुमीच का?"

"मीच की."

"मग हे घ्या नारळ, आन चला बिगीनं. बाया कवाच्या वाट बघायल्यात."

बाया वाट बघतायत म्हटल्यावर शालही असणार. धर्मराजनं केसांवरून कंगवा फिरवला, शटर ओढलं आणि तिच्या स्कूटीवर मागे बसला. एका हातात नारळ, दुसरा हात कुठं ठेवावा ते कळेना. तिची ओढणी वाऱ्यानं उडून सारखी त्याच्या चष्म्यावर येत होती. दोन्ही बाजूंना उजाड रानं, वाळून उभी राहिलेली तुरीची खुंटं, रस्त्यावर टँकरनं सांडलेल्या पाण्याची ओली रेघ... आणि त्याला मात्र वाटत होतं, हा रस्ता थेट नगरपर्यंत असाच चालू राहावा.

ती केशर. जवळच्याच एका गावातल्या महिला दूध संस्थेची सचिव. संस्थेच्या माळावर पंधरा-वीस बाया खरंच वाट बघत होत्या. अध्यक्ष सरस्वतीबाईंनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"लई तरणा हाय गं हा. बरं, ठिवा नारळ तळहातावर. जिथं उभा राहील तिथं बोअर घ्यायची."

आता कुठं धर्मराजच्या डोक्यात प्रकाश पडला. यांना बोअरचा पॉइंट दाखवणारा पाणाडी हवा होता!

"मावशी," तो चाचरत म्हणाला, "माझे पॉइंट... विमानाचे हायेत."

"विमानातून पाणी दिसतंय?"

बायांमध्ये हशा पिकला. सगळ्यांत जास्त हसली ती केशर. हसता हसता खाली बसली, डोळ्यांतलं पाणी ओढणीनं पुसायला लागली. त्या माळावर त्या दिवशी निघालेलं पाणी तेवढंच, आणि धर्मराज बिचारा त्यातच बुडाला. नारळ शेवटी सगळ्यांनी फोडून खाल्ला.

परतीच्या वाटेवर तिनं विचारलं, "पण विमानाचे पॉइंट म्हंजी काय वो?"

मग तो जो बोलत सुटला! सहा वर्षं तो कारखान्याचे संचालक सुंदरराव यांचा सहायक होता. साखर संघाच्या बैठकांना दिल्लीवारी ठरलेली. सुंदरराव विमानात बसले की घोरायचे. धर्मराज मात्र दर वेळी तिकिटावर आपला सभासद नंबर टाकून घ्यायचा, हॉटेलात किल्ली घेण्याआधी तिथलाही नंबर सांगायचा. प्रत्येक उड्डाणाचे पॉइंट, प्रत्येक मुक्कामाचे पॉइंट; पुरेसे साठले की तिकीट फुकट, खोली फुकट. यंदा उसाचं टिपरू नाही, कारखान्याचं धुराडं थंड, दौरे बंद, नोकरीही गेली. पण सवय जाईना. कोणाला फ्रिज घ्यायचा असो, लग्नाचं सोनं असो, गोठ्याचे पत्रे असोत, हा सोबत जायचा. "कार्डावर मी भरतो, रोख मला द्या." कार्डाचेही पॉइंट मिळत. आख्ख्या कड्यात लग्न कोणाचंही असो, पॉइंट धर्मराजचे.

"आन एवढे साठवून करायचं काय?"

ही गोष्ट त्यानं कोणालाच सांगितली नव्हती.

"मेघालयात जायचंय. तिथं म्हणे ढग घरात येतात. खिडकी उघडी राहिली की अंथरूण ओलं. दोन माणसांचं जाणं-येणं आन चार रात्री हॉटेल. बास, थोडेच कमी हायेत."

"दोन माणसं? दुसरं कोण?"

"ते... अजून ठरलं न्हाई."

स्कूटीच्या आरशात तिचे डोळे क्षणभर त्याच्याकडे आले आणि पुन्हा रस्त्यावर गेले.

त्यानंतर केशरला कड्यात काही ना काही काम निघायलाच लागलं. कधी संस्थेच्या फोनचा रिचार्ज, कधी छावणीतल्या जनावरांच्या चाऱ्याचा अर्ज. आली की स्टुलावर बसायची, तो माठातलं अर्धा पेला पाणी द्यायचा. ती अर्धंच प्यायची, उरलेलं दारातल्या तुळशीला घालायची. तो तिला ढगांचे फोटो दाखवायचा. बाहेर धूळ उडत असायची आणि आत दोघं हिरव्या डोंगरांतून फिरून यायची. संध्याकाळी ती निघाली की ऑफिस त्याला फार मोठं वाटायचं. एका खोलीचं ऑफिस!

भाऊ म्हणणं तिनं कधी सोडलं, हे तिला आठवत नसेल. त्याला आठवत होतं.

जूनच्या सुरुवातीला एका सकाळी ती आली ती धापा टाकतच. हातात लखोटा होता. भुवनेश्वरच्या एका सहकार शिक्षण संस्थेत तिनं अर्ज केला होता. दूध संस्था कशी वाढवायची, कशी टिकवायची, याचं वर्षभराचं शिक्षण, राहणं-खाणं त्यांचं. मुलाखतीचं पत्र टपालात फिरत फिरत आज हाती पडलं होतं, आणि मुलाखत होती परवा सकाळी.

"रेल्वे हाय का वो?" तिनं लखोटा त्याच्यापुढं ठेवला. "मी न्हाई गेले तर संस्था पुढच्या दुष्काळाला उरायची न्हाई. अर्ध्या बायांनी गाई इकल्यात. कोणीतरी शिकायलाच पायजे."

त्यानं बघितलं. रेल्वेनं वेळेत पोचणं शक्यच नव्हतं. पुण्याहून उद्या विमान होतं, पण ऐन वेळचं तिकीट आभाळाला टेकलेलं. मग त्यानं पॉइंटांत बघितलं. जाणं, येणं, एका रात्रीचं हॉटेल... त्याचे साठलेले पॉइंट जेमतेम पुरत होते. मागे फुटकळ काहीतरी उरत होतं.

मेघालयातले ढग त्याच्या डोळ्यांसमोरून सावकाश निघून गेले. आणि खरं सांगायचं तर, ढगांचं त्याला एवढं वाटलं नाही. ही गेली तर वर्षभर स्टूल रिकामं राहणार, याचं वाटलं. आपल्याच हातानं तिला दूर धाडायचं, तेही आयुष्याची पुंजी मोडून!

"होतंय," तो म्हणाला. "आधार कार्ड द्या."

"तुमचे पॉइंट? न्हाई न्हाई. ढगांचे हायेत ते."

"ढग कुठं पळून चाललेत?"

पण घोडं अडलं ते दुसरीकडेच. पॉइंटांचं तिकीट स्वतःला, नाहीतर कुटुंबाच्या यादीतल्या माणसालाच निघायचं. यादीत तिचं नाव घातलं, जन्मतारीख घातली, आणि पुढं रकाना आला: नातं. धर्मराजचा हात माऊसवरच थांबला.

"काय झालं?" तिनं खुर्चीमागून वाकून बघितलं. तिच्या केसांचा शिकेकाईचा वास आला. त्याला अक्षरं दिसेनात.

"नातं इचारायलंय. आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, नवरा-बायको... मैत्रीण न्हाईच यात. एकदा लिहिलं की वर्षभर बदलता येत न्हाई." त्यानं चष्मा काढून पुसला. "तुमी मला भाऊ म्हणता. मग... बहीण टाकू का?"

"शेवटचं कवा म्हणले भाऊ? सांगा बरं."

"आठ एप्रिलपासून न्हाई म्हणलात. सोमवार होता. छावणीत तुमी मला चहा दिला, तवा नुसतं 'घ्या' म्हणलात."

तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"बहीण लिहून तर बघा," ती हळूच म्हणाली, "पायी जाईन भुवनेश्वरला. खाली अजून एक हाय बघा. पार्टनर."

"पार्टनर म्हंजी..."

"आमच्याकडं बोअरमधल्या हिस्सेदाराला म्हणतेत. पाणी लागो न लागो, दोघांचं सारखंच." तिनं बोटानं तो रकाना दाखवला. "मला अर्धा हिस्सा लागतो हां. कमी चालायचा न्हाई."

"सगळाच घ्या की," तो म्हणाला. आणि इतके दिवस आत दाबून ठेवलेलं बाहेर आलं, "केशर, ती दुसरी शीट पहिल्या दिवसापासून तुमचीच हाय. नारळाची शप्पत."

तिनं त्याच्या हातावर हात ठेवला आणि माऊस दाबला. तिच्या मोबाईलवर निरोप वाजला: तुम्हाला या यादीत घेतलं आहे, मान्य? तिनं त्याच्याकडे बघत बघत 'मान्य' दाबलं.

दुसऱ्या दिवशी रात्री आठला हॉटेलातून तिचा फोन आला. "नंबर सांगितला तर दोन बाटल्या पाणी फुकट दिलं! आन नळ सोडला तर धो धो... मला शॉवर लावायचं धाडसच झालं न्हाई. बादली मागवली. तो पोऱ्या हसला वो मला." मग तिचा आवाज हळू झाला. "तुमी पायजे होता इथं."

मुलाखत देऊन ती परत आली, निवड झाली, आणि शिक्षणाला गेली.

वर्ष कसं गेलं ते धर्मराजलाच ठाऊक. त्या पावसाळ्यात तुळस आपोआप भिजली, धुराड्यातून पुढं कधीतरी धूरही निघाला, स्टूल मात्र त्यानं कोणाला बसू दिलं नाही. तिकडं शिक्षणाचे दौरे असायचे. कधी कोलकाता, कधी कोची. फोनवर तो शिकवायचा, ती शिकायची: नंबर आधी सांगायचा, मुक्काम एकाच साखळीच्या हॉटेलात करायचा, पॉइंट फुटकळ वस्तूंवर उधळायचे नाहीत. किती साठले, हे मात्र ती कधी सांगायची नाही. "हायेत थोडे," एवढंच.

पुढच्या जूनमध्ये, भर दुपारी, धर्मराजच्या मोबाईलवर विमान कंपनीचा निरोप आला. तुमच्या यादीतल्या नावाला वर्ष पूर्ण झालं, हवं तर बदलता येईल. त्यानं तो दोनदा वाचला. तेवढ्यात दुसरा निरोप आला.

'केशर यांनी तुम्हाला त्यांच्या कुटुंबाच्या यादीत घेतलं आहे. नातं: पती. मान्य?'

खाली त्या 'मान्य'साठी राखून ठेवलेलं एक तिकीट होतं. पुणे ते गुवाहाटी, मेघालयाच्या दारापर्यंत. दोन शिटा.

त्यानं 'मान्य' दाबलं. चकती फिरत राहिली. कड्याची रेंज ती! तो ओट्यावर आला, रस्त्यावर आला, हात उंच करून दाबत राहिला. समोर नगरहून आलेली एसटी थांबली. दारातून एक ओळखीची ओढणी खाली उतरली, पाठीला पिशवी, आणि हातात नारळ.

"मोबाईल ठिवा तो खाली," केशर म्हणाली, "तोंडानं सांगा."

"मान्य," धर्मराज म्हणाला. "मान्य, मान्य, मान्य."